झहराखालाची चतुःसीमा

नीउ-व्हेनेप या डच गावातलं आमचं घर समुद्रसपाटीच्या खाली होतं, आणि या गोष्टीचं आईला जेवढं कौतुक होतं तेवढं तिथं जन्मलेल्या लोकांनाही नव्हतं. पाहुणे आले की चहाचे कप ठेवता ठेवता ती सांगायची, “आत्ता तुम्ही बसलाय ना, तिथं पूर्वी मोठं तळं होतं. सगळं पाणी उपसून काढलंय.” पाहुणे म्हणजे बाबांच्या ऑफिसातले पुण्या-मुंबईचे लोक. सोफ्याला ओल तर आली नाही ना, अशा नजरेनं ते खाली बघायचे आणि बोलणं पुन्हा परमिट, घरभाडं आणि तूरडाळ कुठं बरी मिळते यावर यायचं. आई मग रिकामे कप गोळा करायची. पुण्यात मुलींच्या शाळेत तिनं कितीतरी वर्षं भूगोल शिकवला होता. इथं तिच्याकडे ना भाषा होती ना वर्ग. बाबा सकाळी लॅपटॉप घेऊन गाडी पकडायचे, मी सायकलवर शाळेला, आणि मागे उरायची ती, खिडकीतून दिसणारी सरळ रेघेसारखी जमीन, आणि डोक्यावरून उतरणारी विमानं. सुरुवातीला तिनं विमानं कुठल्या दिशेनं येतात यावरून वारा ओळखायचा छंद लावून घेतला. बाबा दारातून आत आले की ती म्हणायची, “अहो, आज नैर्ऋत्येचा आहे.” बाबा म्हणायचे, “बरं, जेवायला काय आहे?”

जेवायला सगळं पुण्याचंच असायचं, पण आवाज कमी करून. पहिल्याच आठवड्यात कुकरची शिट्टी ऐकून शेजारचे डच आजोबा धावत आले होते आणि काही फुटलं का म्हणून विचारत होते. तेव्हापासून आई तिसरी शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद करायची, आणि आमचं वरण कायम थोडं कणीदार राहायचं. मला त्या घराचं आठवतं ते हेच, सगळं जरा आवरतं घेतलेलं. आईसुद्धा. वर्गात खडू आपटून चाळीस पोरींना गार करणारी बाई सुपरमार्केटात पोरासोरांना वाट देत उभी राहायची. मला तिचा राग यायचा आणि कीवही यायची. त्या वयात दोन्ही एकत्रच येतं.

शाळेत मी नव्यानं आलेल्या परदेशी मुलांच्या वर्गात होते. तिथं फक्त डच भाषा शिकवत. माझ्या बाकावर मासूमा नावाची अफगाण मुलगी बसायची. ती चौदाची, मी पंधराची. डच दोघींचंही तोडकंमोडकं, पण तिला उर्दू येत होती आणि मला हिंदी, त्यामुळे आम्ही बाईंच्या नाकाखाली भरपूर गप्पा मारायचो. ती आणि तिची आई झहरा, दोघीच होत्या. अफगाणिस्तानातल्या डोंगरातलं गाव सोडून त्या आधी पाकिस्तानात क्वेट्ट्याला गेल्या. तिथं मासूमाचे वडील कोळशाच्या खाणीत दगावले, आणि मग काही वर्षांनी नातेवाइकांनी या दोघींना इकडे पाठवलं. शेतांच्या पलीकडे निर्वासितांचं केंद्र होतं, तिथं पत्र्याच्या एका खोलीत त्या राहत. एका शनिवारी मासूमा आईला घेऊन आमच्याकडे आली. झहराखालाला, खाला म्हणजे मावशी, बघून आई चपापलीच, कारण ती आईच्याच वयाची होती, पण चेहरा उन्हानं आणि वाऱ्यानं सुरकुतलेला. आईनं थालीपीठ लावलं. खाला ओट्याशी उभी राहून बघत होती. थालीपीठाला मध्ये भोक पाडून तेल सोडलेलं बघून ती तोंडावर हात ठेवून हसली. म्हणाली, “बाजी, रोटी में कुआँ खोद दिया!” त्या दिवसापासून आई तिची बाजी, म्हणजे थोरली बहीण, झाली. पुढच्या शनिवारी तिनं येऊन आमच्याच कणकेचे गोड तळलेले तुकडे केले. त्यांच्याकडे ते ईदला करतात. बाबांनी ते चहात बुडवून इतके खाल्ले की आईला त्यांची ताटली उचलावी लागली.

मग एका शनिवारी ती आली आणि खाईना. मासूमानं सांगितलं ते असं. या देशात आसरा हवा तर आपण खरंच अफगाणिस्तानातून आलो हे पटवून द्यावं लागतं. त्यांच्याकडे कागद नव्हता एकही. निर्वासितांच्या खात्यातल्या अधिकाऱ्यानं पहिल्या मुलाखतीत विचारलं, तुझा प्रांत कुठला. खाला म्हणाली, उरुझगान. तालुका? तिनं दरीचं नाव सांगितलं. अधिकाऱ्यानं नकाशा काढला. ते गाव उरुझगानमध्ये नव्हतंच. खाला खोटं बोलली नव्हती. ती गावात होती तेव्हा तो सगळा मुलूख उरुझगानचाच. ती क्वेट्ट्यात असताना सरकारनं त्याचा वरचा भाग तोडून दायकुंदी नावाचा नवा प्रांत केला. पण अधिकाऱ्याला संशय आला की ही बाई क्वेट्ट्यातलीच, पाकिस्तानी, गाव कुठून तरी ऐकून आलीय. आता आणखी एक मुलाखत होणार होती, आणि तीत गावाचे, प्रांताचे प्रश्न विचारणार होते. ते नीट गेलं नाही तर दोघींना परत धाडणार. परत म्हणजे कुठं, ते कुणीच सांगत नव्हतं. मासूमानं हे सगळं मान खाली घालून सांगितलं आणि मग माझ्याकडे न बघता आईकडे बघून म्हणाली, “आप तो जुगराफ़िया पढ़ाती थीं ना?”

जुगराफ़िया म्हणजे भूगोल. आईनं पदर खोचला. ती साडी नेसलेली नव्हती, पंजाबी ड्रेसमध्ये होती, पण ओढणी तिनं ज्या रीतीनं कमरेला खोचली त्याला दुसरा शब्द मला सुचत नाही. “म्हणजे प्रांताचा भूगोल आणि कारभार,” ती म्हणाली. “त्यात काय? आठवीच्या पोरी करतात.” बाबांना तिनं ऑफिसातून नकाशे छापून आणायला लावले. दायकुंदीचा एक, सगळ्या देशाचा एक. ते पुरेनात, म्हणून पाठकोऱ्या कागदांचे तुकडे जोडून तिनं स्वतःच मोठा नकाशा काढला आणि जेवणाच्या खोलीतल्या भिंतीला चिकटवला. डोंगर तपकिरी, हेलमंद नदी निळी, प्रांताचं ठाणं निली हे लाल टिकलीनं. कपाळाची खरी टिकली होती ती, पाकिटातली. जेवताना मला समोर बाबा दिसायचे आणि त्यांच्या डोक्यामागे सगळा दायकुंदी.

शिकवणी रोज दुपारी व्हायची. आईची एक पद्धत होती, तिच्या सगळ्या विद्यार्थिनींना ती झोपेत उठवलं तरी यायची. आधी चतुःसीमा. मग नद्या, मग पिकं, मग कारभार. पाठ करायचं, मोठ्यानं म्हणायचं, चुकलं की पहिल्यापासून. “झहरा, चतुःसीमा सांग.” आणि खाला खुर्चीत ताठ बसून, हात मांडीवर ठेवून सुरू करायची, पूर्वेला गझनी, दक्षिणेला उरुझगान, पश्चिमेला घोर, ईशान्येला बामियान. पहिल्यांदा तिला दिशाच कळत नव्हत्या. ती शाळेत कधी गेलीच नव्हती. तिच्या हिशेबी दरीला चार दिशा नसून वर, खाली, उन्हाची बाजू आणि सावलीची बाजू असं असायचं. आई म्हणायची, “उन्हाची म्हणजे? दक्षिणेकडे तोंड केलेली. उत्तर उतार की दक्षिण उतार? दिशा सांग.” खाला गोंधळून मासूमाकडे बघायची. मग ती काहीतरी भलतंच सांगू लागायची, बदामाला फुलं आली की सासू कशी रात्रभर आकाशाकडे बघत बसायची, खिंड बंद झाली की मीठ कसं संपायचं. आई ऐकून घ्यायची, हसायची, आणि पेन्सिल टेबलावर टकटक करून म्हणायची, “छान आहे, पण हे विचारत नाहीत. याला मार्क नाहीत. पुढे चला. प्रांतात वुलुसवाल्या किती?” वुलुसवाली म्हणजे त्यांच्याकडचा तालुका. खालाला तिचीसुद्धा वुलुसवाली नीट ठाऊक नव्हती. आईनं तिच्याकडून सगळ्या पाठ करून घेतल्या.

बाबांना ते पटत नव्हतं. पोळीचा तुकडा हातात धरून ते म्हणाले, “अगं, ही काही बोर्डाची परीक्षा नाही.”

“प्रश्न विचारणार, उत्तरं द्यायची, आणि पास की नापास ते दुसरा ठरवणार,” आई म्हणाली. “मग परीक्षा म्हणजे अजून काय असतं?”

बाबांनी पोळीचा तुकडा वरणात बुडवला, आणि खरं सांगायचं तर मलाही आईचंच पटलं होतं. आपल्याकडे आयुष्यात जे जे चांगलं होतं ते पाठ करूनच झालेलं असतं. श्लोक, पाढे, नोकरी. बाबांचं परमिटसुद्धा त्यांनी तोंडपाठ केलेल्या उत्तरांवरच मिळालं होतं, ते विसरले असतील तर गोष्ट वेगळी. आणि खाला हुशार निघाली. बघता बघता ती सगळं धडाधड म्हणू लागली. आमच्या ओट्यावर कणीक मळता मळता तिची चतुःसीमा चालायची, मासूमा मध्येच एखादी नदी विचारायची, खाला हाताचं पीठ झटकत उत्तर फेकायची, आणि आई, जी पूर्वी सुपरमार्केटात सगळ्यांना वाट द्यायची, ती खोलीच्या मधोमध उभी राहून म्हणायची, “शाब्बास!” मी त्या दुपारी अभ्यासाचं निमित्त करून खाली येऊन बसायचे. त्या घरात मी एवढी सुखात कधीच नव्हते.

मुलाखतीच्या दिवशी आईनं दह्याची वाटी घेऊन केंद्रापर्यंत बसनं जाऊन खालाच्या हातावर दही-साखर ठेवली. संध्याकाळी त्या दोघी थेट आमच्याकडे आल्या. मासूमाला आत घेतलं नव्हतं, ती बाहेर बाकावर बसून होती. खालाचा चेहरा असा उजळला होता की आईनं काही न विचारता शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला. खाला टेबलाशी बसून सांगू लागली. दुभाषा चांगला होता. अधिकाऱ्यानं विचारलं, तुझ्या घरापासून गिरणीला कसं जायचं? तिनं सांगितलं, घर उत्तर उतारावर, गिरणी नैर्ऋत्येला. त्यानं विचारलं, तुमच्याकडे सरकारी कामाला कुठं जायचे? तिनं सगळ्या वुलुसवाल्या सांगितल्या, एकही न चुकता, आणि प्रांताचं ठाणं निली, आणि मग न विचारताच चतुःसीमासुद्धा.

“तो क्या बोला?” आईनं विचारलं. रवा खरपूस होत चालला होता.

“बहुत हैरान हुआ,” खाला म्हणाली. “कलम रख दिया उसने. बोला, जब तुम गाँव में थी तब ये सूबा था ही नहीं. ये सब तुमको कैसे मालूम?”

“फिर?”

“मैंने बोला, मेरी बाजी ने पढ़ाया है. वो जुगराफ़िया की उस्तानी है.” आणि तिनं आईकडे असं बघितलं की जणू आईला हार घातला.

बाबांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. आई ढवळायची थांबली. तिला कळलं, मला कळलं, मासूमालाही बहुतेक कळलं, कारण ती एकदम उठून खिडकीशी गेली. फक्त खालाला कळलं नव्हतं. तिला खोटं बोलता येत नव्हतं एवढाच तिचा दोष, आणि तो दोष आईनं शिकवला नव्हता. शिरा जळला. आईनं तसाच वाढला आणि आम्ही तसाच खाल्ला, आणि खालानं दुसऱ्यांदा मागून घेतला.

नकार यायला फार वेळ लागला नाही. त्यांच्या वकीलबाईंनी कारण सांगितलं, ते ऐकायला आई आणि मी दोघीही गेलो होतो. खात्याचं म्हणणं असं होतं की या बाईला प्रांताची माहिती आहे ती पुस्तकी आहे. तिनं गाव सोडल्यानंतर बदललेला कारभार तिला मुखोद्गत आहे आणि गिरणीची वाट मात्र ती नकाशा वाचून दाखवल्यासारखी सांगते. शिकवलेलं कुठलं आणि स्वतःचं कुठलं हे वेगळं काढता येत नाही, सबब काहीच धरता येत नाही. तोवर माझं डच बरंच सुधारलं होतं, मी एकेक वाक्य मराठीत करून आईला सांगत होते आणि मला त्या अधिकाऱ्याचा असा संताप येत होता की शब्द सापडेनात. माणूस खोटं बोललं तर नापास, आणि खरं बोललं तरी नापास! पण आई संतापली नव्हती. ती पांढरीफटक पडली होती. ती म्हणाली, “केतकी, त्यांना सांग, चूक माझी आहे. तिला शिक्षा का?” मी सांगितलं. वकीलबाई चांगल्या होत्या, थकलेल्या होत्या. त्यांनी आईला एकच विचारलं, तुम्ही शिकवलं नाहीत असं तिला काय माहीत आहे? ते मला हवं, अपिलासाठी.

दर वेळी खाला सांगू लागली की आईनं पेन्सिल टकटकवली होती.

त्या दुपारी आईनं भिंतीवरचा नकाशा काढून टाकला. टिकलीचा डिंक भिंतीला राहिला. मग खालाला समोर बसवून ती म्हणाली, “झहरा, मी शिकवलेलं सगळं विसर. मला तुझं गाव सांग. तुला हवं तसं.” खाला ताठ बसली, हात मांडीवर घेतले आणि म्हणाली, “पूर्वेला गझनी, दक्षिणेला उरुझगान...” आईनं तिचे हात धरले. “नको. ते नको गं.” ती रडायला लागली. खाला घाबरली. तिला वाटलं, काही चुकलं. ती पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागली, अधिक मोठ्यानं.

शेवटी ते आपोआप आलं, आई बोलायची थांबली तेव्हा. दोघी लसूण सोलत होत्या. खाला म्हणाली, इथं सगळीकडे एकाच वेळी ऊन पडतं, आमच्याकडे असं नव्हतं. समोरच्या उतारावरच्या लोकांकडे बर्फ आमच्याआधी वितळायचा आणि त्यांच्या बायका धुणं वाळत घालून आम्हाला चिडवायच्या. थंडीत घराच्या मातीच्या छपरावर बर्फ साचला की पुरुष वर चढून तो लाकडी फावड्यांनी ढकलायचे, नाहीतर छप्पर खाली येतं. ढकललेल्या बर्फाचा ढीग वाढत वाढत खिडकीला टेकायचा आणि दिवसा घरात संध्याकाळ व्हायची. गिरणीला जायचं तर ओढ्याच्या कडेनं, पण पाणी फुगलं की वरच्या कबरींवरून. तिथून जाताना बायका बोलायचं बंद करतात. बदामाला मोहर लवकर आला तर लोक आनंदत नाहीत, भितात, कारण मागून एखादी गार रात्र आली की वर्ष गेलं. आणि सरकार? आईनं हे अगदी हळू विचारलं. खाला म्हणाली, सरकार खाली राहतं. कुठं ते मी पाहिलं नाही. बायका कुठं जातात तिकडं? सासरे जायचे, आले की गप्प बसायचे. त्यांच्या तोंडावरून आम्हाला कळायचं की खालून काय झालं. मी हे लिहायला बसते तेव्हा माझ्या लक्षात येतं की प्रांताचा कारभार यापेक्षा नीट मला आजवर कुणी सांगितलेला नाही, आणि मी पुढे बऱ्याच देशांच्या कारभाराबद्दल वाचलं. आता माझ्याच केसांना रंग लावावा लागतो, तरी ती दरी मला नीट दिसते, माझ्या स्वतःच्या शाळेपेक्षा स्पष्ट.

आम्ही ते सगळं वकीलबाईंना सांगितलं. त्यांनी ते अपिलात मांडलं. खात्याच्या बाजूनं एवढंच म्हटलं गेलं की हे पहिल्या दोन मुलाखतींत का आलं नाही, आणि मधल्या काळात ही बाई त्याच शिक्षिकेच्या घरी जात होती की नाही. जात होती. अपील फेटाळलं गेलं. आईनं कोर्टात उभं राहून सांगायची परवानगी मागितली होती, ती मिळाली नाही. घरी आल्यावर बाबांनी चहा टाकला. ‘मी सांगत होतो’ असं ते एकदाही म्हणाले नाहीत, आणि एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्यांचं इतर बरंच काही सोडून दिलं आहे.

केंद्रातली खोली सोडायची वेळ आली तेव्हा खालाच्या कुणा लांबच्या भावानं जर्मनीतून निरोप धाडला की इकडे या, पुढचं बघू. कायद्यानं ते चालतं की नाही, कुणी विचारलं नाही. आई आणि मी बसथांब्यावर गेलो. मासूमा आणि मी एकमेकींना फोन नंबर दिले होते. तो पुढे दोनदा लागला आणि मग बंदच झाला. कधी तरी गर्दीत कुणी कपाळावरून ओढणी मागे सारली की मला वाटतं तीच, पण ती नसते. त्या दोघींचं काय झालं ते मला माहीत नाही. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

थांब्यावर आईनं डबा दिला, थालीपिठं होती, आणि मग ती पाठ केल्यासारखं म्हणाली, कारण तिनं ते खरंच घरून ठरवून आणलं होतं, “झहरा, मुझे माफ़ कर दो. मेरी वजह से हुआ.”

खालाला ते कळेचना. तिनं आईचा चेहरा दोन्ही हातांत घेतला. “किस बात की माफ़ी, बाजी? मेरे को ज़िंदगी में किसी ने बिठा के नहीं पढ़ाया. न बाप ने, न शौहर ने. तूने पढ़ाया. मैं सारा सुना सकती हूँ, अभी भी.” आणि तिनं तिथंच, बस येताना दिसत असताना, सुरुवात केली. आईनं तिला थांबवलं नाही. बसचं दार उघडलं तेव्हा ती नद्यांपर्यंत आली होती.

बस गेल्यावर आम्ही चालत निघालो. डाव्या हाताला कालवा होता, त्याचं पाणी रस्त्याहून वर. आई नेहमी ते दाखवायची, त्या दिवशी तिनं पाहिलंही नाही. घराचं कुलूप काढताना तिच्या हातातून किल्ली पडली, ती तिनं उचलली नाही.

“तिनं मला चार शिव्या घातल्या असत्या ना केतकी,” ती म्हणाली, “तर मी जगले असते गं.”